उसनी छाती

नेल्सी : ...तेच म्हणतेय मी, डॉक्टरबाई. खाणीला उगाच नावं ठेवू नका. वर्षाच्या वर्षाला आमच्या माणसांच्या छातीचा एक्स-रे काढतात तिथे. माझ्या नवऱ्याच्या फोटोत कधी म्हणून डाग निघाला नाही. हे घ्या, सगळे आणलेत. गादीखाली सपाट ठेवले होते, घडी पडू दिली नाही.

वाल्दिविनो : तिला सांगितलं होतं, नको आणू म्हणून. बसमधून इथे गोयानिया शहरापर्यंत हे ओझं कशाला.

डॉ. इरासेमा : आणलेत ते बरं केलंत. वाल्दिविनो, आधी इकडे बघा. हा तुमचा परवाचा सीटी स्कॅन. फुप्फुसाभोवती एक अस्तर असतं, दुधावरच्या सायीसारखं पातळ, फोटोत दिसूही नये इतकं. तुमच्या उजव्या बाजूला ते सालीसारखं जाड झालंय आणि फुप्फुसाला आवळत चाललंय. सुईने काढलेल्या तुकड्याचा निकालही आलाय. कॅन्सर आहे. तुमच्या खाणीतल्या ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होतो, तोच.

नेल्सी : धुळीने कसा होईल? हा बघा, सहा वर्षांपूर्वीचा, त्याने खाण सोडली तेव्हाचा. खाली नाव आहे त्याचं. स्वच्छ.

डॉ. इरासेमा : स्वच्छ आहे, खरंय. वाल्दिविनो, तुमचं गळ्याखालचं हाड कधी मोडलं होतं? डावीकडचं.

वाल्दिविनो : हाड? मोडलं असेल. लहानपणी आंब्यावरून पडलो होतो.

नेल्सी : तो तुझा भाऊ पडला होता. तुझं एक हाड मोडलेलं नाही आजवर. काम करून मोडावं, तर तेही नाही.

डॉ. इरासेमा : या फोटोत ते मोडून वाकडं जुळलंय. या दुसऱ्यातही. याच्यातही तेच. परवाच्या स्कॅनमध्ये मात्र हाड सरळ आहे. एवढं वाकडं जुळलेलं हाड आपोआप सरळ होत नसतं. हे सगळे फोटो एकाच माणसाचे आहेत, आणि तो माणूस तुम्ही नाही.

नेल्सी : बघू. डावीकडे, वर उचललेलं... हा जुवेनाल आहे.

डॉ. इरासेमा : कोण जुवेनाल?

नेल्सी : माझा सख्खा भाऊ. गावच्या जत्रेत घोड्यांवरून ख्रिस्ती आणि मूर यांच्या लढाईचा खेळ करतात, त्यात हा मूर झाला होता, घोड्याने दिला फेकून. अजून सदरा त्या बाजूला तिरका बसतो त्याचा. साहेबांच्या बंगल्यावर माळी आहे, खाणीची धूळ त्याच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नाही. दिविनो, माझ्या भावाची छाती तुझ्या नावावर कशी?

वाल्दिविनो : अगं, सगळेच करायचे. फोटो खराब आला की माणसाला घरी बसवायचे. जुवेनालची छाती म्हणजे काच. दवाखान्यातला माणूस दार लोटून घ्यायचा, जुवेनाल आपला माझ्या नावाने यंत्रापुढे उभा राहायचा. त्याला एक कोंबडी दिली की झालं.

नेल्सी : माझी कोंबडी. दर वर्षी एक कोल्ह्याने नेली म्हणून सांगायचास, नाही का?

डॉ. इरासेमा : आणि कंपनीच्या डॉक्टरला दिसलं नाही? अर्ध्या गावाचं तेच एक हाड मोडलेलं?

वाल्दिविनो : त्यांना स्वच्छ छाती हवी होती, बाई. कुणाची ते कशाला विचारतील?

डॉ. इरासेमा : किळस येते. हेच फोटो पुढे धरून जगाला सांगत फिरतात, आमच्या धुळीने कुणाला काही होत नाही.

नेल्सी : मीही तेच सांगत होते तुम्हाला, आत्ता, इथे बसून. दिविनो, तू पहिल्यांदा खोकायला लागलास तेव्हा मी पेट्या भरल्या होत्या. अनापोलिसला बहिणीकडे जाऊन राहू म्हटलं. तू असा फोटो खिडकीच्या उजेडात धरलास. बघ, काच आहे म्हणालास. मी पेट्या परत सोडल्या.

वाल्दिविनो : तुला काळजी नको म्हणून केलं.

नेल्सी : गप्प बस. शिसारी आलीय मला तुझी. त्या जुवेनालचीही. दर रविवारी माझ्या हातचं जेवतो, वर विचारतो, कोल्हा सापडला का? आणि माझी मलाही आलीय. आपल्या एडिल्सनला गाड्यांचं काम शिकायला जायचं होतं. मीच म्हटलं, बापाला काय झालंय खाणीत? मीच पाठवला पोराला.

(ती पिशवीच्या तळातून आणखी एक फोटो काढते.)

नेल्सी : हा लावा, डॉक्टरबाई.

वाल्दिविनो : तो राहू दे, नेल्सी.

नेल्सी : का? आपल्या पोराचा आहे, मागच्या महिन्यातला. स्वच्छ आला म्हणून शेजारपाजारी दाखवून आले मी.

वाल्दिविनो : त्याला चढावर धाप लागायला लागली. कामावरून काढतील म्हणून घाबरला होता. मला विचारलं त्याने, काय करू? मी म्हटलं, मामाला सांग.

नेल्सी : बाई, तुम्ही बोला.

डॉ. इरासेमा : हाड इथेही मोडलेलं आहे, नेल्सीबाई. म्हणजे तुमच्या मुलाच्या छातीत काय आहे, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. त्याला उद्याच घेऊन या.

नेल्सी : गेल्या पावसाळ्यापासून खोकतोय तो. मी रोज सकाळी मध चाटवते आणि कामावर धाडते.