मालनचे घोडेस्वार

(कोल्हापूर. मालनच्या तेराव्याचा दुसरा दिवस. घरात तिचा नवरा आकाराम, त्याची थोरली बहीण चिमणाबाई आणि लेक अनुजा.)

आकाराम : आक्का, ह्येंचा रंग कुठं गेला?

चिमणाबाई : कुणाचा?

आकाराम : ह्या घोड्यांचा. वरच्या माणसांचा.

चिमणाबाई : ते व्हय! काल सुतक फिटलं, देव घासाय काढलं, त्यात ह्येबी घासलं. चिंच नि राख लावून. बघ की, कसं लख्ख निघालं.

अनुजा : आत्ती, ते देव न्हाईत.

चिमणाबाई : मग? घोड्यावर बसल्यालं म्हंजे जोतिबाच की.

अनुजा : एका कपाटात एवढे जोतिबा?

चिमणाबाई : मला वाटलं, नवसाचं आसतील.

अनुजा : अगं, डोक्यावर हॅट आहे. कमरेला पिस्तूल!

चिमणाबाई : मोतीबिंदूच्या डोळ्याला पगडीच दिसली बाई.

आकाराम : काऊबॉय हायत ते. प्लॅस्टिकचं. आपल्या लहानपणी जत्रंत मिळायचं, तसलं. मालन वीस वर्सं जुन्या बाजारातनं हुडकून आणायची. मूळचा रंग आसला तरच घ्यायची.

चिमणाबाई : आगं आई! आन् मी राखंनं... मला कुणी सांगितलं न्हाई रं.

आकाराम : सांगणारी गेली की. तू काय मुद्दाम केलंस व्हय?

चिमणाबाई : दुकानातनं रंग आणू. अनुजा लावंल.

आकाराम : नको. नवा रंग तिला चालला नसता. पण माणसं खाली का उतरवलीस?

चिमणाबाई : बुडाखाली घाण आसती न्हवं.

आकाराम : आता कोण कुठल्या घोड्यावरचा, कसं कळायचं?

अनुजा : कुणालाही कुठंही बसवा की, आण्णा.

आकाराम : न्हाई. लाल रुमालवाला लाल खोगिरावर, निळा निळ्यावर, आसं लावल्यालं तिनं. घोडा एकीकडं मिळायचा, माणूस दुसरीकडं. एक जोडी जमवाय चार-चार वर्सं लागायची. मी म्हणायचो, म्हातारपणी बाहुल्या खेळत्यात. धा येळा बोलावलं तिनं, बघा म्हणून. मी एकदाबी नीट बघितलं न्हाई.

अनुजा : थांबा. गणपतीत आईचा फोटो काढलाय मी, ह्याच कपाटासमोर. हा बघा. मोठा करते.

आकाराम : दाव. ह्यो दोरीवाला... पुढचं पाय उचलल्याल्या घोड्यावर.

चिमणाबाई : हा घे दोरीवाला. दोरी लागली बघ हाताला.

अनुजा : टोपी हातात धरलेला, मान खाली घातलेल्यावर.

आकाराम : बसला.

चिमणाबाई : आता कुठला दिऊ?

अनुजा : दोन पिस्तूलवाला. तो न्हवे आत्ती, त्याच्या शेजारचा.

आकाराम : ह्यो कडंच्या पळत्या घोड्यावर. हां. पुढचा सांग.

अनुजा : हा सतरावा. झाले, आण्णा. फोटोत दिसतात तेवढे संपले.

आकाराम : आन् ही?

अनुजा : ती आईच्या मागं झाकली गेल्यात.

चिमणाबाई : दुसरा एखादा फोटो आसंल की गं.

अनुजा : न्हाई आत्ती. एवढाच आहे.

आकाराम : ऱ्हाऊ दे मग. सतरा बसली. सहा जण अजून खालीच हायत.