समोरच्या दोन काचा

—वाघानं नाई, साहेब, वाघानं नाई. बसा. ते मी तुमच्या ड्रायव्हरले सांगतलं, तुमाले नाई. तो विचारून राह्यला का चाचा, नव्या गाडीच्या लाईटाले एवढ्या भेगा कायच्या, तं मी म्हणलं, मोहर्लीच्या रस्त्यावर वाघीण आडवी आली, तिले लाईटात दुसरी वाघीण दिसली, हाणला पंजा. आता त्यानं ते खरं मानलं आन् काच वर करून आत बसून हाये, त्याले मी काय करू? पठाणपुऱ्याच्या गल्लीत वाघ येत नाई असं काई मी त्याले म्हणलं नाई, हे मातर खरं हाये. गरमीत उकडून जाईन बिचारा. जाऊ द्या. चहा घ्या. गोड जास्त असन, आमच्या घरी गोडच राह्यते.

दानिश आत्ता येते. जटपुऱ्याले गेला, तुमच्यासाठी समोसे आणाले — कंपनीचा साहेब नागपूरहून येते, त्याच्या पुढ्यात बिस्कूट कसं ठेवाचं म्हणे. जाताना मले सांगून गेला, अब्बा, साहेब आले का बसा म्हणाचं, चहा द्याचा आन् तोंड बंद ठेवाचं. आता तुम्हीच सांगा, तोंड बंद ठेवून बसा कसं म्हणाचं? म्हणून उघडलं. आन् उघडलं तं उघडलं. मी नईम. स्टो-कंदीलवाला नईम म्हणून विचारा, या परकोटाच्या आत कोणताही बुढा सांगते — पहिले शिवी देईन, मग पत्ता सांगन. शाळा? चवथीपर्यंत. मास्तरच्या खुर्चीले डिंक लावला, तवापासून मास्तर खुर्चीत आन् मी घरी.

तं गाडीचं असं हाये, साहेब, तुमाले मी काई शिकवत नाई, तुम्ही गाडी पाह्यली, काचेले बोट लावून पाह्यलं, बोटाचा वासही घेतला — काऊन घेतला ते मी विचारत नाई. पाच महिन्याची गाडी. मुलीसारखी ठेवते पोट्टा तिले. आन् समोरच्या दोन्ही काचा अशा जाळी-जाळी होऊन गेल्या, जसं कोळ्यानं आतून घर बांधलं. मोहर्लीचा हॉटेलवाला सोमवारी गाडी पाहाले येऊन राह्यला. त्याचे पाव्हणे मुंबई-पुण्याचे, सांजच्याले स्टेशनावर उतरते, मग जंगलातून न्यावं लागते त्याइले. या लाईटानं समोर उभी ते गाय हाये का म्हैस हाये का पाव्हणाच हाये, काई समजत नाई. पसंत पडली तं गाडी बारमाही लागली. नाई पडली तं ऊर्जानगरच्या रोशनची गाडी धुऊन-पुसून उभीच हाये. आन् नवी जोडी आपल्या खिशातून टाकाची तं हप्ता भरून जे उरते त्याच्यात बल्बही येत नाई. म्हणून सारं तुमच्यावर हाये. तुम्ही म्हणलं का माल खराब निघाला, तं कंपनी काचा देते. तुम्ही म्हणलं का मालकानं खराब केल्या, तं दानिश गेला. बस, एवढंच. मी काई दबाव आणत नाई. चहा घ्या.

ऊन! ऊन म्हणा ना. चंद्रपूरचं ऊन हाये साहेब, इथी मे महिन्यात कुत्रं सावली पाहून नाई, सावली विकत घेऊन बसते. शेजारी बापूराव राह्यते, पॉवर हाऊसातून रिटायर झालेला, त्याचीही गाडी नवीच. मी त्याले म्हणलं, बापूरावभाऊ, या नव्या गाड्याइच्या लाईटाले माठासारखं ओलं गोणपाट बांधावं लागते दुपारी, नाई तं तडकते, पाहा आमच्या दानिशची. साहेब, आठ दिवस! आठ दिवस तो माणूस बालटी घेऊन लाईट भिजवत होता. इंजिनेर माणूस! बायको इंदुताई त्याले म्हणे, अहो, आरशाइलेही बांधा. आरशाइलेही बांधलं. मी खिडकीतून पाहून राह्यलो आन् खोकल्याचं नाटक करून राह्यलो. तुम्ही हसत नाई. नागपूरचे असून हसत नाई. बरं.

काय म्हणता? मागचे? हो, मागचे लाल लाईट टवटवीत हाये. जसे शोरूममधून आणले तसे. ऊन मागं नाई लागत काय म्हणता — लागते ना, मागंही तेच ऊन, सूर्याले काय समोरच्याशीच दुश्मनी हाये? पण लाल काच कंदिलाले नसते ना साहेब, लाल काच रेल्वेवाल्याची, ते तिनं जिंदगीत कधी पुसली नाई, तिचा हात पांढऱ्या काचेवरच—

कोण तिनं? कोणी नाई. मी असाच बोलतो, अर्धं बोलणं माह्यं कोणासाठीच नसते. समोसे कुठी राह्यले या पोट्ट्याचे...

बरं, आता निघालंच तोंडातून तं पुरं ऐका, अर्ध्या गोष्टीनं पोट दुखते. माह्यी बायको, खैरुन. आमचं दुकान होतं ना, तं बिघडलेला कंदील मी खोलाचा, वात, टाकी, टाकीले डाग देणं माह्या हातातलं. काच तिच्या हातातली. जंगलातले नाकेदार, मोहर्लीकडचे गावकरी, सारे कंदील आणाचे आन् म्हणाचे, नईमभाऊ, दुरुस्ती तुम्ही करा का नका करू, काच बाईनं पुसली पाहिजे. पहिले रॉकेलचा बोळा. मग चुलीतली राख, चाळून, मैद्यासारखी. मग पेपरचा कागद, कोरडा. आन् शेवटी पदरानं. अशी काच साहेब, का कंदिलात काच हाये का नाई हे बोट लावून पाहावं लागे. मग लाईट आली गावोगाव, कंदील गेले, दुकान गेलं. घरात पुसाले काच उरली नाई. आन् मग या गाडीच्या दोन आल्या. दुसऱ्याच दिवशी पाह्यलं मी, फजरची नमाज झाली, दानिश झोपला हाये, आन् बुढी गाडीपुढं बसली हाये उकिडवी, बोळा घेऊन. म्हणलं, काय करून राह्यली? म्हणे, काच मैली है. म्हणलं, नवी कोरी गाडी, मैली कशी? म्हणे, तुम्हें नहीं दिखता, मुझे दिखता है, धुआं बैठा है. पुस बाई, म्हणलं. मले तं आनंद झाला. तिचा हात पाहून राह्यलो मी, तसाच गोल, तसाच. रोज सकाळी. रोज म्हणे मैली है. रोज पुसे, कालच्याहून जास्त.

मले काय माहीत का ते काच नाई, पलाष्टिक हाये? आन् रॉकेलनं ते मरते? तुमाले माहीत होतं, म्हणून तुम्ही वास घेतला. दानिशले नाई माहीत. त्याले वाटते कंपनीचा माल खराब. राहू द्या त्याचं वाटणं.

काय?

तिले भेगा नाई दिसल्या काय — असं विचारता तुम्ही. दिसल्या असन ना. रोज एवढी तोंडाशी तोंड लावून बसते, न दिसाले काय झालं? काल रस्त्यावरून जाणारा शेंगदाणेवाला थांबून पाहे, चाचा, गाडीले काय झालं म्हणे. तिनं मले एका शब्दानं म्हणलं नाई का भेगा पडल्या. म्हणे, मैली है.

ते रुसली हाये माह्यावर, त्याच्यानं बोलत नसन. दोन महिन्यापासून रुसली. आतमध्ये भिंतीवर तिच्या भावाचा फोटो हाये, बल्लारशाले रेल्वेत होता, मिशा अशा. तो मी उलटा टांगला, डोकं खाली, मिशा वर. दर साल काई ना काई करतो मी त्या फोटोचं, आन् ती दहा मिनिटात चप्पल घेऊन मागं लागते, सारी गल्ली पाहाले येते. यंदा काईच नाई. त्याच्याखाली उभी राहून भावासाठी दुवा मांगते आन् निघून जाते. मी म्हणलं, अरे, ही तं मलेच खेळवून राह्यली! मग कुर्ता उलटा घालून जुम्म्याले निघालो, दारात तिनं मले इत्तर लावून देल्लं, कॉलर हातानं चाचपली, म्हणे, जाओ. मशिदीत सारे हसले. मी म्हणलं, वा खैरुन, शिकली. सुईत दोरा मले ओवाले लावते, म्हणे, बसून राहते तुम्ही, काई तं करा. चहा ओतते तं कपात बोट बुडवून पाहते भरला का नाई — तुमच्या कपात नाई, साहेब. प्या. नका पिऊ, ठेवून द्या.

...

थांबा जरा.

माणूस चाळीस वर्षं मस्करी करते, सारं गाव त्याच्या नावानं बोटं मोडते, आन् घरातली बाई त्याच्या नाकाखाली एवढं मोठं लपवून बसते. आन् त्याले वाटते, आपण पाहून राह्यलो. मोतीबिंदू असन. दुसरं काय असन? मोतीबिंदूच असन. ते तं काढून टाकते डाक्टर, सालपटासारखं.

तुम्ही तिले बोलवून विचाराचं म्हणता. नाई. ते नाई होणार साहेब. तिले समजलं का त्या काचा तिच्या हातानं गेल्या, तं ती हात मांडीवर ठेवून बसन, पुन्हा बोळा धरणार नाई. आन् दानिशले समजलं तं तो काई म्हणणार नाई, तो गप राहीन, आन् ते गप राहणं तिले दिसणार नाई पण ऐकू येईन. तं असं लिहा — बुढ्यानं मस्करी केली. नईम स्टोवाल्यानं पोराच्या गाडीले रॉकेल घासलं, गंमत पाहाले. लिहा. तुमाले शंका वाटली तं बापूरावले विचारा, तो कसम खाऊन सांगन. सारं चंद्रपूर खरं मानते. खोटं हाये म्हणणारा एकही भेटणार नाई तुमाले.

हो, काचा मिळणार नाई. समजलं मले. सोमवारी रोशनची गाडी लागन. दानिश माह्याशी बोलणार नाई महिनाभर, तं न बोलाची सवय हाये त्याले. आन् सोमवारी मी खैरुनले सिव्हिल दवाखान्यात नेतो. तिले म्हणन, मले दिसून नाई राह्यलं, चल, धरून ने मले.

लिहिलं? मग उठा. समोसे ड्रायव्हरले देईन दानिश, काचेच्या फटीतून. नाई, काई बोलू नका आता — ते येऊन राह्यली, कप न्यायले. बांगड्या ऐकू येते. तुमची बॅग उंबरठ्यात हाये, साहेब. हात नका देऊ तिले. हात देल्ला तं समजन तिले, का आपल्याले समजलं. बॅग उचला.

उचला ना.