दिल्लीची फेलोशिप आणि घरातला अबोला

आमच्या रेवाच्या मुलाखतीचं तुम्हाला सांगितलं का? एम.ए. झालेल्या मुलांकडून परराष्ट्र सेवेची तयारी करून घेणारी एक फेलोशिप असते, दोन वर्षं दिल्लीत. "एवढ्या लांब नको," असं हे म्हणाले आणि त्यावरून आमचा अबोला सुरू झाला. मुलाखत ऑनलाइन होती. डोंबिवलीच्या आमच्या वन रूम किचनमध्ये ती बाहेरच्या खोलीत बसली आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात, गॅस बंद करून, गप्प.

समोरच्या सरांनी विचारलं, "दोन देश एकमेकांशी बोलतच नसतील, तर तू काय करशील?"

रेवा म्हणाली, "घरी करते तेच, सर. काल आई म्हणाली, 'तुझ्या बाबांना सांग, जेवायचं तर जेवा म्हणावं.' मी बाबांना सांगितलं, आई जेवायची थांबली आहे."

"म्हणजे खोटं सांगितलंस?"

"नाही सर. ती थांबलेलीच होती."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले, अगदी हळू आवाजात, "ही दिल्लीला गेल्यावर आपले निरोप कोण पोचवणार?"

मी म्हटलं, "आत्ता तुम्हीच पोचवलात की."