त्या एका शब्दाच्या पुढचं

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य धरमसिंग राठोड सर, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आमच्या मानसशास्त्राच्या हुस्नाबानो मॅडम, आणि जमलेल्या मित्रहो,

मी राजपाल, रिठदचा, मॅडमचा जुना विद्यार्थी. त्यांचा गौरव आधीच्या वक्त्यांनी यथोचित केला आहे. मला फक्त एक प्रसंग सांगू द्या.

एम.ए.च्या वर्गात मॅडमनी एकदा शब्द वाचून दाखवले. चमचा, खिडकी, प्रेत, टोपली, दोरी, असे बरेच. मग म्हणाल्या, आठवतील तेवढे लिहा. 'प्रेत' सगळ्यांनी लिहिलं. त्याच्या पाठोपाठ आलेली टोपली जवळजवळ कुणालाच आठवेना. मनाला हलवणारा शब्द स्वतः पक्का बसतो आणि शेजारच्या शब्दांना बाहेर ढकलतो, असं त्यांनी समजावलं. आम्ही हसलो आणि परीक्षेपुरतं पाठ केलं.

त्याच हिवाळ्यात आईला, म्हणजे रामीबाईला, छातीत गाठ लागली. मी तिला अकोल्याला नेलं. डॉक्टर रिपोर्ट बघून शांतपणे बोलत होते, आम्ही माना डोलावत होतो. परतताना जीपमध्ये आईनं विचारलं, "डॉक्टर काय म्हणे रे?"

"कॅन्सर म्हणे."

"ते मले बी ऐकू आलं. त्याच्या पुढं?"

मी आठवून पाहिलं. डॉक्टरांचे ओठ हललेले दिसत होते, शब्द मात्र एकही नाही. आई म्हणाली, "मंग आता कायले दवाखाना करतं? राहू दे."

घरी येऊन ती जेवलीसुद्धा नाही. मी घाबरून मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "राजपाल, वर्गात टोपली गेली होती ना? तसंच झालंय. पुन्हा जा. आता तो शब्द तुम्हाला माहीत आहे, त्याचा धक्का कमी बसेल. पुढचं ऐका, आणि ऐकलेलं डॉक्टरांना म्हणून दाखवा."

आई कशीबशी निघाली. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर आहे, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशननं बरा होईल."

"मंग हे तवाच काहून नाही सांगतलं?"

"सांगितलं होतं, आई. याच शब्दांत."

श्रोतेहो, माझे कान शाबूत होते. मी याच विषयाचा विद्यार्थी होतो. तरी एकाच दमात बोललेल्या बोलण्यातला भीतीचा शब्द आम्ही घरी आणला आणि जगण्याचा तिथेच ठेवून आलो. माणसाचं मन असं का करतं? मी आज स्वतः हा विषय शिकवतो, पण तो क्षण आठवला की अजून अंगावर काटा येतो.

आई डॉक्टरांना म्हणाली, "बरा होईल, हे पुन्हा एकदा म्हना." त्यांनी म्हटलं. मग तिनं त्यांना म्हणून दाखवलं.

ऑपरेशन झालं. ती बरी झाली.

महाविद्यालयानं मला बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, आपला ऋणी आहे. उणंअधिक बोललो असेन तर पदरात घ्यावं. आई सकाळपासून मागच्या रांगेत बसली आहे. मॅडमना ती अजून एकदाही भेटलेली नाही. अध्यक्षांची परवानगी असेल, तर तिला वर येऊ द्यावं, एवढं मागून थांबतो.