भाचीचं मागणं

मामी : आधी खाऊ द्या हो तिला! सकाळी बिश्केकहून निघालेली पोर, अजून घोटभर चहा नाही पोटात, आणि तुम्ही लागलात शिंगराचं कौतुक सांगायला.

मामा : खाईल गं. बघून तर घेऊ दे. कपाळावर पांढरा ठिपका आहे पोरी, चाल अगदी आईची. आपल्यात म्हणतातच, भाचरू दारात येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले. मागेल ते द्यावंच लागतं मामाला. तू मात्र आजवर कधी काही मागितलं नाहीस. म्हटलं, आपणच द्यावं.

बेगीमाय : शिंगरू बांधू कुठे मामा? चौथ्या मजल्याच्या गॅलरीत?

मामा : विकून टाक मग.

बेगीमाय : मी मागायलाच आलेय. पण शिंगरू नको. सोमवारी माझ्याबरोबर न्यायालयात चला.

मामी : घ्या. आले सातही लांडगे.

मामा : कसलं न्यायालय?

बेगीमाय : तुम्हाला ठाऊक आहे. खाणवाल्यांनी माझ्यावर अब्रूनुकसानीचा दावा ठोकलाय. मी छापलं की त्यांच्या व्हिडिओतला म्हातारा बोलतो ते धादांत खोटं आहे, म्हणून. आणि तो म्हातारा तुम्ही आहात.

मामा : दिसतो बरा मी त्यात. डोक्यावर नवा लोकरी कल्पाक घातलेला.

मामी : कल्पाक नवा, अक्कल जुनीच. "आजोबांच्या वेळी होता तेवढाच बर्फ डोंगरावर आजही आहे"! आणि इकडे ओढ्यात बकरीची जीभ भिजेना. खाणीचा पाण्याचा टँकर आला तर चूल पेटते माझी.

बेगीमाय : लाखो लोकांनी पाहिलंय ते मामा. मंत्र्यांच्या बैठकीत दाखवलंय. डोंगरचा म्हातारा सांगतो बर्फ जागेवर आहे, मग शास्त्रज्ञांचं कोण ऐकतो? आता तोच बर्फ कापून खालचं सोनं काढायची परवानगी मागतायत.

मामा : तुला ती संस्था आहे ना पत्रकारांना मदत करणारी? तिला सांग की.

बेगीमाय : तिने वकील दिलाय. त्याआधी तीन दिवस शिकवलंही, धमकी आली तर काय करायचं ते. पिशवी दिली, प्रमाणपत्र दिलं. ऑफिसातले म्हणतात, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. पाठीशी ढीगभर आहेत मामा, शेजारी उभं राहायला कुणी नाही. आणि वकील म्हणतो, तुझ्या मामाने येऊन सांगितलं तरच आपण जिंकू.

मामा : काय सांगायचं?

बेगीमाय : तुमच्यामागे दिसतो तो बर्फ आपला नाही, एवढंच.

मामा : नाहीच तो आपला. गाडीत घालून पलीकडच्या खोऱ्यात नेलं त्यांनी. म्हणाले, तुमच्याकडे नुसते दगड दिसतात, चित्र चांगलं येणार नाही.

बेगीमाय : बस! हेच सांगा. हरले तर मला जाहीर लिहून द्यावं लागेल की मी खोटारडी आहे आणि तो व्हिडिओ खरा. मग पुन्हा कोण छापेल माझं?

मामा : नाही जमायचं पोरी.

बेगीमाय : कुणाला भिता?

मामा : भीत नाही. तोंड नाही मला. तुझी आई गेली, तिच्या वर्षाच्या जेवणाला मी जे घोडं कापायला आणलं होतं, आठवतं?

बेगीमाय : आठवतं. सगळा गाव म्हणत होता, भाऊ असावा तर असा.

मामा : त्या हिवाळ्यात माझं एकही जनावर उठलं नाही बर्फातून. रिकाम्या हाताने बहिणीच्या जेवणाला जाऊ? खाणीच्या साहेबाने घोडं दिलं. दोरी माझ्या हातात देताना म्हणाला, कधीतरी दोन शब्द बोला आमच्यासाठी.

मामी : मला म्हणालात, उधारीवर घेतलं!

मामा : तू खाल्लंस ते मांस बेगीमाय. आपण सगळ्यांनी खाल्लं. आता त्याच माणसाला चारचौघांत खोटा म्हणू?

बेगीमाय : आई असती तर रिकाम्या हाताने आलेल्या भावाला तिने आधी जेवायला वाढलं असतं.

मामा : ती असती तर जेवण कशाला घातलं असतं?

(बेगीमाय खिशातून फोन काढून चहाच्या पेल्याशेजारी ठेवते.)

मामी : हा लाल ठिपका कसला गं?

बेगीमाय : बोलणं भरलं जातंय यात. वकील म्हणाला, येत नसतील तर गुपचूप घेऊन ये. पलीकडचं खोरं, घोडं, सगळं आलंय.

मामा : माझ्या घरात बसून? माझा चहा पिताना?

बेगीमाय : हो. दोनदा वाटलं, खिशातच राहू द्यावा. पण मीही तुम्हाला फसवून नेलं, तर त्यांनी काय वाईट केलं? म्हणून समोर ठेवला. आता भाची म्हणून मागते मामा. तुम्ही नका येऊ. फक्त हे ऐकवायला हो म्हणा.

मामी : म्हणा हो! भाचीला नाही म्हणालेला मामा पाहिलाय कुणी?

मामा : पुसून टाक ते.

बेगीमाय : मी नाही पुसणार. तुम्हीच पुसा. इथे दाबा. आता पुन्हा इथे.

मामी : अहो, नका! तिच्याकडे बघा एकदा. अहो!

बेगीमाय : झालं. गेलं.

मामा : शिंगरू तरी ने पोरी.

बेगीमाय : निघते. खिंडीत अंधार होईल.

मामा : थांब जरा. तुझी गाडी दारात पाहिलीय सगळ्यांनी. उद्या खाणीचा माणूस येईल, विचारेल भाची कशाला आली होती. काय सांगू त्याला?

बेगीमाय : त्यालाच विचारा मामा. तुम्ही काय बोलायचं ते तेच ठरवतात ना?