वाढत्या अंगाचा कॉम्प्युटर

हॅलो?… हां, बोल चिमे. झाली का बाबांची खरेदी?… दुकानातूनच बोलतेयस? मग अशी कुजबुजत का?… काय केलं बाबांनी?

थांब, थांब. आपलं ठरलं होतं तोच कॉम्प्युटर घेतला ना? जुन्या बोर्डाचा… हो, हो, तोच, ज्यात पुढचा कुठलाही प्रोसेसर बसणार नाही. पण आज आहे तो दणकट आहे ना, झालं तर… नाही घेतला? मग?

नवा बोर्ड?… आणि त्यावर सगळ्यांत लहान प्रोसेसर? अगं, भागायचं कसं! बाबांचं ते कापडाचं काम… हो, पडद्यावरच्या बाईला झगा घालायचा आणि चुण्या कशा पडतात ते बघायचं. आत्ताच एका बाहीसाठी मशीन अर्धा तास घुमत बसतं… काय म्हणाले? "आज लहान बसवू, तीन वर्षांनी ह्याच बोर्डावर मोठा"?… तीन वर्षांनी?

चिमे, बाबा ब्याऐंशीचे आहेत गं!

नाही, ओरडले नाही मी… बरं, ओरडले.

हो, माहीत आहे. जन्मभर शिंपीकाम केलं, शिवणीत दोन बोटं कापड राखल्याशिवाय कात्री चालवली नाही. आपले फ्रॉकसुद्धा वाढत्या अंगाचे. माझं शिक्षण संपलं, पण त्यातला एक काही मला अंगाबरोबर बसला नाही. म्हणून कॉम्प्युटरसुद्धा वाढत्या अंगाचा?… असतो म्हणे? कोण म्हणालं, दुकानदार?… आणखी काय म्हणाला?

…काय?

पुन्हा सांग… हे त्यानं बाबांना सांगितलं? तोंडावर? "थोरल्या बाईंचा फोन होता, वय झालंय म्हणाल्या, पुढची सोय नको"?… शिव शिव! अगं, मी हळूच सांगितलं होतं त्याला… हो, मीच केला होता फोन. म्हटलं, पुन्हा पुन्हा दुकानाच्या पायऱ्या कशाला चढायच्या त्यांनी… तो दुकानदार आहे की दवंडीवाला!

मग? बाबांनी काय केलं?… नुसती खोक्यावरून बोटं फिरवत राहिले, कापडाचा पोत बघतात तशी… देवा रे. रागावले असते तर परवडलं असतं… अगं ऐक ना, माझ्या मनात तसं काही… काय? अजून आहे?

माझ्या घरी?! तो जुन्या बोर्डाचा संच?… ऑर्डर माझ्या नावावर होती, म्हणून माझ्याच पत्त्यावर?… निघालासुद्धा? अगं, पण मी काय करू त्याचं!… बाबांनी सांगितलं? काय सांगितलं?… "थोरलीला पुरेल तो. तिला आता पुढचं काय करायचंय"… असं म्हणाले? सगळ्यांदेखत?… हसू नकोस चिमे! मला पुढचं काय करायचंय म्हणजे? मी अजून छप्पन्नची आहे! हातीपायी धड आहे! मला न विचारता माझं परस्पर कुणी असं…

…

हं. आहे गं, ऐकतेय.

…हो. कळलं.

फोन दे त्यांना… घेत नाहीत? मग कानाला लाव नुसता. लाव म्हणते ना.

बाबा?… बाबा, मी बोलतेय… चुकलं माझं… नाही, "काळजीपोटी" वगैरे काही म्हणत नाही मी. तुम्हाला विचारलं नाही, ते चुकलं… हो… हो, बाबा… ऐकतेय.

अं? कोण, मी?… तीन वर्षांनी मोठा प्रोसेसर घ्यायला मी यायचं तुमच्याबरोबर?… येईन की. चिमी कशाला, मीच येईन… वार? वार आत्ता सांगू? अहो बाबा, तीन वर्षांनंतरचा वार आजच कोण… बरं, बरं. कुठलाही चालेल. फक्त गुरुवार नको, गुरुवारी माझं दिवसभर मौन असतं…

गुरुवारच? का?…

दुकानात तुम्ही एकट्यानंच बोलणार म्हणून?… बाबा!… अहो, हसताय काय… बाबा?… हॅलो?

ठेवला.