ढोले गुरुजींचा मुका कॉम्प्युटर

मंडळी, टाळ क्षणभर खाली ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर मनातल्या मनात द्या. मोठ्यानं नको, शेजारी घरचीच माणसं बसलीत! घरात एखादी वस्तू बिघडली, तर आपण आधी काय शोधतो — बिघाड, की बिघडवणारा?

ऐका तर. परतवाड्याला दिगंबर ढोले नावाचे गुरुजी होते. वय शहात्तर. सगळी नोकरी मेळघाटातल्या आश्रमशाळेत गेली. कोरकू लेकरांना मराठी शिकवता शिकवता गुरुजीच कोरकू शिकले! मग एकच ध्यास घेतला — हे शब्द जमवायचे. झाडांची नावं, पाखरांची नावं, पेरणीच्या वेळचं बोलणं. मुनियाबाई कास्देकर म्हणून एक म्हातारी होती, तिच्या ओसरीवर बसून त्यांनी एकेक शब्द वहीत उतरवला.

निवृत्त झाल्यावर कुणाचा तरी वापरलेला कॉम्प्युटर घेतला आणि एका बोटानं — हो, एकाच बोटानं! — नऊ वर्षं टाइप करत राहिले. वह्यांना वाळवी लागली, तेव्हा म्हणाले, जाऊ द्या, सगळं आत आहे. मग मुनियाबाईही गेली. तिचे शब्द आता त्या एका पेटीत उरले होते.

आणि एका सकाळी गुरुजींनी बटण दाबलं. पंखा घरघरला. हिरवा दिवा लागला. पडदा काळाच! आतून नुसता आवाज — पीं... पीं... पीं... बंद केला, पुन्हा लावला. तेच.

आता बघा माणूस काय करतो. घरात पाहुणे होते — सून रंजनाचा भाऊ विलासराव आणि त्याची बायको, दर्यापूरहून आलेले. रंजना चहाचा ट्रे घेऊन आली, आणि गुरुजी सगळ्यांसमोर कडाडले, "काल टेबल तूच पुसलंस ना? माझ्या नऊ वर्षांची माती केलीस तू."

रंजनानं ट्रे खाली ठेवला आणि ती आत गेली. भावानं चहा अर्धा सोडला. दुपारची गाडी होती, ते सकाळीच निघाले.

पुढचे आठ दिवस गुरुजी त्या पेटीशी झटत राहिले. वायर काढून घातली, भिंतीवरचा प्लग बदलून पाहिला, शेजाऱ्याचा पडदा आणून जोडला. पडदा बदलून काय होणार? दुखणं आत होतं! बाजारातल्या दुकानदारानं दारातूनच सांगितलं, भंगारात घाला, नवा घ्या. मुलगा बाहेरगावी नोकरीला, तोही फोनवर तेच म्हणाला. रंजना वेळेवर ताट वाढायची, वेळेवर चहा द्यायची. पण त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. गुरुजींना ते दिसत होतं. दिसत होतं, आणि तरी ते पुन्हा पेटीकडंच वळत होते.

नवव्या दिवशी नासिरभाई आले. उभी हयात रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेली, आता कॉम्प्युटर बघायचे. गुरुजी सुनेनं काय केलं ते सांगू लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. म्हणाले, आधी त्याला बोलू द्या. बटण दाबलं आणि डोळे मिटून ते आवाज ऐकत बसले. मग सांगितलं, की हा बिघडल्याचं ओरडत नाही, कुठं बिघडलं ते सांगतोय. याला याची मेमरी सापडत नाही. लिहिलेलं दुसरीकडं साठतं, त्याला बहुधा धक्का नाही.

वायर काढली, झाकण उघडलं. आतून मेमरीची टीचभर लांब पट्टी निघाली. तिच्या सोनेरी दातांवर काळपट डाग चढले होते. नासिरभाईंनी काय मागितलं असेल? खोडरबर! शाळेतला साधा खोडरबर. हलक्या हातानं दात घासले, पट्टी परत बसवली, बटण दाबलं. एकदाच पीं — आणि पडदा उजळला. तारीख पार मागची दाखवत होता, पण शब्द होते. मुनियाबाईची पाखरं एकाखाली एक बसलेली होती. गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

नासिरभाईंचं लक्ष कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या आवरणाकडं गेलं. "हे झाकून ठेवता का, गुरुजी? चालू असताना बी?"

"धूळ बसू नये म्हणून मीच घालतो."

"याला हवा लागते. कोंडलं की आत दमट होते, दात काळे पडतात. वरून फडकं मारल्यानं असं होत नसते."

नासिरभाईंनी दोन पेनड्राइव्हवर शब्दांच्या दोन प्रती काढून दिल्या आणि ते गेले. गुरुजी बसून राहिले. स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं. चुकलो म्हटलं असतं, मिटलं असतं. पण गुरुजींच्या मनात आलं — अपमान चौघांत केला, आणि माफी चुलीपाशी, एकांतात?

ते दारात जाऊन एवढंच म्हणाले, "उद्या दर्यापूरला जायचंय. तयार राहा."

मंडळी, त्या लेकीनं याचा काय अर्थ घेतला असेल! तिला वाटलं, सासरा माहेरी पोचवायला निघाला. तिनं पिशवी भरली. एसटीत दोघं शेजारी बसले, पिशवी तिच्या मांडीवर. विलासरावानं दारात बहिणीला पिशवीसकट पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

गुरुजी बसले नाहीत. पाण्याला हात लावला नाही. उभ्यानंच हात जोडले. "विलासराव, तुमच्यासमोर मी हिला बोललो. बिघाड माझ्या हातून झाला होता. म्हणून माफी तुमच्यासमोरच मागतो. रंजना, मी चुकलो."

इतके दिवस न रडलेली बाई तेव्हा रडली. म्हणाली, "बाबा, तुम्ही रागावलात त्याचं नाही लागलं. तुम्ही मला विचारलंच नाही."

शहात्तर वर्षांचा माणूस लेकरासारखा मान हलवत राहिला. परतीच्या गाडीत त्यांनी खिशातून शब्दांची दुसरी प्रत काढून तिच्या हातात दिली. म्हणाले, ही तुझ्यापाशी राहू दे. माझ्यापेक्षा तू नीट सांभाळशील.

मंडळी, आता घरी जाल. काहीतरी मोडेल, काहीतरी बंद पडेल. "कुणी केलं?" हे ओठावर येईल, ते गिळा. काय झालं ते विचारा. आणि ज्यांचं बोलून झालंय, त्यांनी ऐका — चारचौघांत बोलला असाल, तर माफीही चारचौघांतच मागा.

मागच्या रांगेत कुणीतरी आत्ताच मान खाली घातली. बापा, मान वर कर, ऊठ, आत्ताच जा! नाम उद्या घेतलंस तरी देव थांबेल. ज्याला बोललास, ते माणूस किती थांबेल, हे मला ठाऊक नाही.